बदाम खाऊन बाळ हुशार होतं का?

तुम्ही विचारलंय, की बायकोला तिसरा महिना लागलाय, घर शाकाहारी आहे, आई तिला रोज भिजवलेले बदाम आणि केशराचं दूध देतात. यानं बाळाचा मेंदू खरंच तल्लख होतो का?

बदाम खाऊ द्या, वाईट काहीच नाही. माझ्या वेळी कोथरूडच्या घरी सासूबाई रोज सात बदाम सोलून, मोजून वाटीत ठेवायच्या. बी-१२ हे जीवनसत्त्व तपासायचं मात्र पाचव्या महिन्यापर्यंत कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. रिपोर्ट आला १४०. निदान २०० तरी हवं. बी-१२ भाजी-डाळीत नसतंच. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळणार, आणि आमच्याकडे दूध म्हणजे चहात पडेल तेवढं!

मज्जातंतूंवर जे आवरण चढतं त्याला हे जीवनसत्त्व लागतं. यावरचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा माग ठेवला. सुमारे दोन तृतीयांश बायकांचं बी-१२ कमी निघालं. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांना आकडे ऐकवून उलटे म्हणायला लावले. ज्यांच्या आईचं बी-१२ गरोदरपणात फारच कमी होतं, ती मुलं यात आणि लक्ष टिकवण्याच्या चाचणीत इतरांपेक्षा मागे पडली. अर्थात मुलाची हुशारी एवढ्यावरच ठरते असं नाही. घर, शाळा, सगळंच आलं.

फॉलिक ॲसिडची गोळी चालू असेलच. ती खरं तर दिवस जायच्या आधीपासून हवी, कारण ज्या नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते, तोवर पाळी चुकल्याचं नुकतं कुठं लक्षात आलेलं असतं. लोहाची गोळी सुरू झाली की तिच्या आगेमागे चहा नको.

आणि घरात सैंधव आलं असेल (हल्ली सगळ्यांकडे आलंय), तर आयोडीनचं मीठ परत आणा. सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर असतं, आणि त्याला आयोडीन लागतं.

पुढच्या तपासणीला बी-१२ चं नाव घेऊन विचारा. कमी निघालं तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील. मला इंजेक्शनं घ्यावी लागली. दुधात केशर घातलं काय, न घातलं काय. दूध मात्र पेलाभर जाऊ द्या.