वाळवंटातली विम्ल माती: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मातीवर लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त प्रश्न आले ते वाळवंटी मातीवर, आणि जवळपास प्रत्येक प्रश्नात "क्षार" हा शब्द होता. प्रत्येकाच्या मनातला क्षार मात्र वेगळा. कुणाला चुना म्हणायचाय, कुणाला मीठ, कुणाला सोडियम. या तीन गोष्टी वेगळ्या, त्यांचे उपायही वेगळे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की पैसे तर जातातच पण कधीकधी जमीनही जाते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. उदाहरणं बहुतेक थरच्या वाळवंटातली आहेत.

प्रश्न: वाळवंटातली माती विम्लच (अल्कलाईन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची) का असते? आमच्या कोकणातली आम्लधर्मी आणि जैसलमेरची विम्ल, असं का?

पावसामुळे. जैसलमेरला वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेची पाणी ओढून घ्यायची ताकद वर्षाला सुमारे २००० मिलिमीटरची, म्हणजे दहापट. कोकणात एवढा पाऊस पडतो की मातीतले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम सगळे धुऊन जातात, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं आणि सामू (पीएच, ७ म्हणजे उदासीन, त्याच्या वर विम्ल, खाली आम्ल) खाली येतो. थरमध्ये धुऊन नेणारं पाणीच नाही. पाऊस पडतो, मातीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते पाणी थोडा चुना (कॅल्शियम कार्बोनेट) विरघळवतं, वीत-दोन वीत किंवा फार तर हात-दीड हात खाली जातं आणि तिथेच सुकतं, मग चुना परत घट्ट होऊन बसतो. हजारो वर्षं हेच चालू राहिलं की खाली कंकराचा थर तयार होतो, आधी बारीक पांढरे धागे, मग गाठी, मग काही ठिकाणी पहारीलाही दाद न देणारा सलग थर. पाऊस जितका कमी तितका हा थर साधारणपणे पृष्ठभागाच्या जवळ.

आता मुख्य मुद्दा. नुसत्या चुन्यामुळे मातीचा सामू साधारण ८.२ ते ८.४ पर्यंतच चढतो, त्याच्या पुढे चुना नेऊच शकत नाही कारण त्याची विद्राव्यता फार कमी. सामू ९, ९.५, १० दिसत असेल तर तिथे सोडियम कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट आहे असं समजायचं. थरमधल्या बहुतेक जमिनी पहिल्या प्रकारच्या आहेत, म्हणजे चुनखडीयुक्त, मध्यम विम्ल, आणि पाणी मिळालं तर पीक देणाऱ्या. त्यांना सरसकट "खराब जमीन" म्हटलं जातं ते मला अजिबात पटत नाही.

प्रश्न: कच्छच्या रणात गेलो होतो, सगळं पांढरंशुभ्र. ती जगातली सगळ्यात विम्ल जमीन असेल ना?

नाही. तुम्ही बघितलं ते मुख्यतः मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, समुद्राच्या पाण्याचं. मीठ स्वतः उदासीन असतं, त्यामुळे अशा खारवट जमिनीचा सामू बहुधा ८.५ च्या आतच राहतो. तिथे झाड जगत नाही ते खारटपणामुळे, मुळांना पाणी ओढून घेता येत नाही म्हणून.

खरी जहाल विम्ल जमीन दिसायला उलट असते. सोडियम कार्बोनेटमुळे मातीतला सेंद्रिय अंश विरघळून वर येतो आणि पृष्ठभागावर काळपट, तेलकट डाग दिसतात. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या हिलगार्ड या मृदाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच पांढरा अल्कली (मिठासारख्या क्षारांचा) आणि काळा अल्कली (सोडियम कार्बोनेटचा) असा फरक केला होता, तो आजही शेतात उभं राहून ओळखायला उपयोगी पडतो. राजस्थानातच पाहायचं तर सांभरच्या सरोवराच्या खाऱ्या पाण्यात मिठासोबत सोडियम कार्बोनेटही आहे म्हणून ते पाणी चांगलंच विम्ल, तर डीडवाना सोडियम सल्फेटसाठी ओळखलं जातं. दोन्ही एकाच राज्यातली, दोन्हीकडे पांढरा थर, पण आतली रसायनं वेगळी. नुसत्या रंगावर जाऊ नका.

प्रश्न: मी कृषीच्या स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. अल्कलाईन सॉइल, सोडिक सॉइल, ॲरिडिसॉल, सोलोनेट्झ, कॅल्सिसॉल... सगळं एकमेकांत मिसळतंय. एकदा नीट सांगाल का?

मिसळतंय कारण या एका यादीत तीन वेगळ्या पद्धतींची नावं आहेत. एकेक घेऊ.

पहिली पद्धत शेतकऱ्यासाठी, सुधारणेच्या दृष्टीने केलेली. अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या सॅलिनिटी लॅबोरेटरीने १९५४ साली ती मांडली. त्यात तीन आकडे बघायचे: विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटर, विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं, दुसऱ्याला जागा देऊ शकणारं) १५ टक्के, आणि सामू ८.५. वाहकता ४ च्या वर आणि सोडियम १५ च्या खाली तर क्षारयुक्त म्हणजे खारवट. वाहकता ४ च्या खाली, सोडियम १५ च्या वर आणि सामू सहसा ८.५ च्या वर तर सोडिक, आपल्याकडे जिला चोपण म्हणतात ती. दोन्ही जास्त असेल तर खारवट-चोपण. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने भारतातल्या जमिनींसाठी सामूची रेघ ८.२ वर आणली आहे, हेही लक्षात ठेवा, पेपरात विचारतात. आणि एक गोष्ट जी पुस्तकं पटकन सांगून पुढे जातात: हे आकडे संपृक्त लगद्यावरचे (माती जेमतेम पाण्याने भरून केलेल्या लगद्यावरचे) आणि त्याच्या अर्कावरचे आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच माती परीक्षण अहवालात एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं मिश्रण करून मोजतात, त्यात सामू थोडा जास्त येतो आणि वाहकता बरीच कमी. त्यामुळे अहवालात वाहकता १.५ दिसली म्हणून जमीन निर्धोक असं समजणं चूक, लगद्याच्या हिशेबाने ती ४ च्या पलीकडे असू शकते.

दुसरी पद्धत अमेरिकन सॉइल टॅक्सॉनॉमी, १९७५ साली ग्रंथरूपात आली, आज तिच्यात १२ वर्ग आहेत. ॲरिडिसॉल हा त्यातला एक. तो ठरतो मुख्यतः कोरडेपणावर आणि मातीत थर तयार झालेत की नाही यावर. सामू हा निकषच नाही! म्हणजे ॲरिडिसॉल बहुधा विम्ल असते, पण विम्ल आहे म्हणून ती ॲरिडिसॉल ठरत नाही. तिचे सात उपवर्ग ज्या क्रमाने तपासतात त्याच क्रमाने पाठ करा: क्रायिड थंड वाळवंटासाठी, सॅलिड मिठाचा थर, ड्युरिड सिलिकाने घट्ट झालेला थर, जिप्सिड जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) थर, आर्जिड चिकणमाती साचलेला थर, कॅल्सिड चुन्याचा थर, आणि यातलं काहीच नसेल तर कॅम्बिड. क्रम महत्त्वाचा अशासाठी की एकाच मातीत जिप्सम आणि चुना दोन्ही असेल तर ती आधी येणाऱ्या जिप्सिडमध्ये जाते. आणि सोडियमवाली चिकणमाती, म्हणजे नॅट्रिक थर, आर्जिडच्या पोटात नॅट्रार्जिड म्हणून येते, तिच्यासाठी वेगळा उपवर्ग नाही, इथे फार मुलं गोंधळतात. कॅल्सिक थर म्हणायला किमान १५ सेंटीमीटर जाडी आणि साधारण १५ टक्के चुना लागतो. सॅलिक थराला वाहकता किमान ३०, हे आकडे लक्षात असू द्या.

आणि हो, थरचे वाळूचे टिबे ॲरिडिसॉल नाहीत. वारा त्यांना स्वस्थ बसू देत नाही, थर तयार व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून ते एंटिसॉलमध्ये (थर न बनलेल्या तरुण मातीच्या वर्गात), टॉरिप्सॅमेंट म्हणून. वाळवंट म्हटलं की डोळ्यासमोर टिबे येतात आणि नेमके तेच वाळवंटी मातीच्या वर्गात बसत नाहीत. टिब्यांच्या मधल्या सपाट, जुन्या जमिनींत मात्र कॅल्सिड आणि कॅम्बिड सापडतात, आणि काही ठिकाणी आर्जिडही. त्या आर्जिडमधली चिकणमाती आजच्या पावसात खाली जाणं अवघड, त्यामुळे ती जुन्या, जास्त ओल्या काळाची खूण मानली जाते. मला हे फार भारी वाटतं, आजच्या कोरड्या जमिनीत जुना पाऊस वाचता येतो.

तिसरी पद्धत जागतिक संदर्भ पद्धत, डब्ल्यूआरबी. तिथे चुन्याची ती कॅल्सिसॉल, जिप्समची जिप्सिसॉल, मिठाची सोलोनचाक, सोडियमच्या चिकणमातीची सोलोनेट्झ, वाळूची अरेनोसॉल. नावात चाक असेल तर मीठ, नेट्झ असेल तर सोडियम, एवढं डोक्यात बसलं तरी अर्धं काम झालं. भारतातल्या जमिनींचे नकाशे हवे असतील तर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे बघा.

प्रश्न: मिस्टरांची पोस्टिंग जोधपूरला झालीय. क्वार्टरच्या बागेत गुलाब, जास्वंद लावली, नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. माळी म्हणतो गंधक टाका, सामू उतरेल. टाकू का?

ताई, आधी एक छोटी चाचणी करा. वाटीभर कोरड्या मातीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फसफसलं तर मुक्त चुना आहे. जोधपूरकडे बहुतेक फसफसेलच.

चुना असेल तर गंधकाने सामू उतरवायचा नाद सोडा. हिशेब बघा: एक हेक्टरची वरची १५ सेंटीमीटर माती सुमारे २२५० टन भरते, त्यात १ टक्का जरी चुना असला तरी तो साडेबावीस टन, आणि तेवढा संपवायला सव्वासात टन गंधक लागतं. चुना ५ टक्के असेल तर ३६ टन. चुना शिल्लक आहे तोवर सामू मूळ जागी परत येत राहतो.

तुमच्या झाडांना लोह मिळत नाहीये. मातीत लोह आहे, पण या सामूला ते विरघळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड (सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं) लोह घ्या, ते चुनखडीच्या जमिनीतही टिकतं, बाजारात सहज मिळणारं ईडीटीए वालं इथे लवकर निकामी होतं. तात्पुरतं म्हणून अर्धा टक्का फेरस सल्फेट आणि थोडं सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी फवारा. युरिया वरून भुरभुरू नका, अमोनिया होऊन उडून जातो, मातीत मिसळा आणि लगेच पाणी द्या. स्फुरद झाडाजवळ एका ठिकाणी द्या, सगळीकडे पसरलं की चुना ते धरून ठेवतो. शेणखत मात्र सढळ हाताने, कारण या मातीत सेंद्रिय कर्ब फारच कमी असतो. आणि बोअरच्या पाण्याचा अहवाल मागा, पश्चिम राजस्थानात बऱ्याच ठिकाणी पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर असेल तर ते पाणीच हळूहळू चांगली माती चोपण करतं. जास्वंदीचा हट्ट कुंडीत पुरवा, जमिनीत मेंदी, बोर, डाळिंब लावा.

प्रश्न: एवढ्या कमी पावसात आणि अशा मातीत जैसलमेरचे लोक पूर्वी गहू कसा काढायचे?

खडीनमध्ये. पंधराव्या शतकात जैसलमेर भागातल्या पालीवाल ब्राह्मणांनी ही पद्धत रुजवली असं मानतात. खडकाळ माळावरून वाहून येणारं पावसाचं पाणी उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालून अडवायचं, ते पावसाळाभर जिरू द्यायचं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल धरलेल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा, वरून एक थेंबही द्यायचा नाही. मातीच्या दृष्टीने यात दोन गोष्टी घडतात आणि त्या मला फार मोलाच्या वाटतात. पाण्यासोबत येणारा बारीक गाळ दरवर्षी साचत गेल्याने वाळवंटातच ओल धरणारी भारी माती तयार होते. आणि साचलेलं पाणी खाली जाताना क्षार मुळांच्या खाली ढकलतं, पाझर बांधाच्या पलीकडे निघतो, म्हणजे पाणी देणं आणि क्षार धुणं एकाच वेळी.

प्रश्न: मग इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आल्यावर तिथल्या काही जमिनी बिघडल्या कशा? पाण्याने तर क्षार धुतले जायला हवेत.

धुतलेलं पाणी बाहेर गेलं तर. कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं, सतलज-बियासचं पाणी वाळवंटात आलं आणि लाखो हेक्टर हिरवी झाली, हे मोठं काम आहेच. पण काही भागात जमिनीखाली थोड्या खोलीवर पाणी न जिरू देणारे घट्ट थर आहेत. पाणी त्यावर अडतं, पातळी वर येते, आणि पाणी दीड-दोन मीटरच्या आत आलं की केशाकर्षणाने वर चढून उडून जातं, क्षार वर ठेवून. हनुमानगड, सुरतगडकडे दलदल झाली ती अशीच. कालव्याकडेने निलगिरी लावून पाणी उपसायचा प्रयोगही तिथे झाला आहे.

प्रश्न: मी सांगलीकडचा ऊस शेतकरी. आमची जमीन क्षारपड झालीय, दुकानदार जिप्सम घ्या म्हणतो. राजस्थानचं जिप्सम चांगलं असतं म्हणे.

दादा, देशातलं बहुतेक खनिज जिप्सम राजस्थानातूनच येतं, बिकानेर, नागौर, जैसलमेर या भागातून, त्यामुळे ते चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. प्रश्न हा की तुमच्या जमिनीला ते हवंय का. जमीन नुसती खारवट असेल, म्हणजे वाहकता जास्त पण सोडियम कमी, तर जिप्समचा उपयोग नाही, तिला निचरा आणि चांगलं पाणी हवं. चोपण असेल, म्हणजे ओली असताना चिकट, सुकल्यावर दगड, पाणी दिवसेंदिवस वर साचून राहतं, तर जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली जातं. १०० ग्रॅम मातीतून १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढायला, १५ सेंटीमीटर खोलीसाठी, हेक्टरी साधारण दोन टन शुद्ध जिप्सम धरा. पण ते सोडियम जायला वाट नसेल तर सगळा खर्च पाण्यात. म्हणून आधी चर किंवा सच्छिद्र पाईपचा निचरा, मग जिप्सम वरच्या १० सेंटीमीटरमध्ये मिसळून पाणी साचवणं, मग धैंचा (हिरवळीचं खताचं पीक) गाडणं, या क्रमाने.

आणि विहिरीच्या पाण्याची वाहकता तपासा. ती २ असेल तर पाच सेंटीमीटरच्या एका पाळीत हेक्टरी साधारण ६४० किलो क्षार तुम्ही स्वतःच शेतात आणताय. प्रयोगशाळेत नमुना देताना सामू आणि वाहकतेवर थांबू नका, विनिमययोग्य सोडियम, मुक्त चुना आणि जिप्समची गरज हे तिन्ही लिहून मागा, आणि नमुना वरच्या वितीचा वेगळा, खालच्या दोन वितींचा वेगळा द्या.