पुनर्बांधणी चालू असलेल्या एनबीए संघाने ड्राफ्टसाठी मुद्दाम हरावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, तळाला असलेल्या बास्केटबॉल संघाने ड्राफ्टमध्ये वरचा नंबर लागावा म्हणून सामने सोडून द्यावेत का. आणि दुसरी, आयपीएलमध्ये असला प्रकार का दिसत नाही. दुसरीचं उत्तर सोपं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. त्याआधी एक सांगून ठेवते: आम्ही दक्षिण न्यू जर्सीत राहतो, घरात सगळे फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचे चाहते. या विषयात आमचे हात चांगलेच पोळलेत, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची फार अपेक्षा ठेवू नका.

आयपीएलमध्ये लिलाव असतो. शेवटचा आलेला संघ असो की विजेता, मोठ्या लिलावात प्रत्येकाला खर्चाची मर्यादा सारखीच. हरून काही पदरात पडत नाही, मग हरेल कोण? एनबीएमध्ये नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि हरणाऱ्यांची पाळी आधी येते. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा पगार ठरलेल्या तक्त्याप्रमाणे असतो. म्हणजे तो पुढे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू निघाला, तरी पहिली चार वर्षं तो तुम्हाला स्वस्तात मिळतो. शिवाय मैदानावर माणसं पाचच. क्रिकेटमध्ये एकटा कोहली अकरा जणांचा संघ किती ओढणार? बास्केटबॉलमध्ये मात्र टिम डंकनसारखा एक महान खेळाडू आला की पुढची वीस वर्षं निघतात. त्यात लॉस एंजेलिस किंवा मायामीला खेळाडू आपणहून जातात, सॉल्ट लेक सिटीला किंवा शार्लटला कोण जाणार? अशा शहरांना मोठा खेळाडू मिळण्याचा खात्रीचा रस्ता एकच, ड्राफ्ट. मोह होतो तो यामुळे, आणि तो मूर्खपणाचा नाही, हे आधी मान्य करायला हवं.

तरीही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. एक अपवाद आहे, त्याकडे शेवटी येते.

आधी एक गैरसमज काढून टाकते. ‘मुद्दाम हरणं’ म्हटलं की आपल्याकडे लगेच मॅच फिक्सिंग आठवतं. इथे तसं नसतं. मैदानावरचा पोरगा जीव तोडून खेळत असतो, कारण त्याचं पुढचं कंत्राट त्याच्या आकड्यांवर ठरणार असतं. प्रशिक्षकालाही नोकरी टिकवायची असते. हरवतं ते ऑफिस. जनरल मॅनेजर, म्हणजे संघ बांधणारा अधिकारी, चांगले अनुभवी खेळाडू विकून टाकतो, मार्च महिना आला की मुख्य खेळाडूची पाठ अचानक दुखायला लागते, आणि चुरशीच्या सामन्यात शेवटच्या सहा मिनिटांत ज्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत अशी पोरं मैदानात दिसतात. लीगला हे सिद्ध करणं कठीण जातं. क्वचित एखादा संघ इतकं उघड करतो की दंड होतो. एप्रिल २०२३ मध्ये डॅलसने तेच केलं. प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफमध्ये शिरण्यासाठीच्या पात्रता सामन्यांची, आशा अजून शिल्लक होती, तरी शिकागोविरुद्ध कायरी अर्विंगसह बरेच जण बाहेर बसवले आणि लुका डॉन्चिचला पहिल्या क्वार्टरनंतर जेमतेम खेळवलं. कारण असं की त्यांचा त्या वर्षीचा पिक (ड्राफ्टमध्ये निवड करण्याचा हक्क, जो संघ एकमेकांना देऊ शकतात) पहिल्या दहात आला तरच त्यांच्याकडे राहणार होता, नाहीतर तो न्यूयॉर्क निक्सला जाणार होता. सामना ११२–११५ असा हरले, साडेसात लाख डॉलर दंड झाला, आणि पिक बरोबर दहावा आला. त्याच्या अदलाबदलीतून डेरेक लाइव्हली मिळाला आणि पुढच्याच वर्षी संघ फायनलला गेला. हे उदाहरण माझ्या मताच्या विरोधात जातं, मला कल्पना आहे. पण ते लक्षात ठेवा, कारण डॅलसने दोन सामने सोडले, तीन हंगाम नाही.

आता लॉटरीचं, म्हणजे ड्राफ्टमधला वरचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीचं गणित. १९८५ च्या आधी दोन्ही कॉन्फरन्समधल्या (लीगच्या पूर्व आणि पश्चिम गटांतल्या) तळाच्या संघांमध्ये पहिल्या नंबरसाठी नाणेफेक व्हायची. ह्यूस्टनवर मुद्दाम हरल्याचे आरोप झाले आणि १९८४ मध्ये त्यांना हकीम ओलाजुवान मिळाला. दुसऱ्याच वर्षी लीगने लॉटरी आणली. आता प्लेऑफ हुकलेले चौदा संघ त्यात असतात. यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू फिरतात, त्यातले चार निघतात, आणि त्यांची जी जोडणी ज्या संघाच्या नावावर असेल त्याला पहिला नंबर. आधी सगळ्यात वाईट संघाला पहिल्या नंबरची २५ टक्के संधी असायची. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच १४ टक्के ठेवली. म्हणजे १४ सामने जिंका की २२, पहिला नंबर लागण्याची शक्यता तीच. सगळ्यात खाली असण्याचा फायदा उरला तो इतकाच की तुम्ही पाचव्या नंबरच्या खाली घसरत नाही. आणि पाचव्यावर घसरण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के आहे!

कागदावर हे वाचलं तर कुणाला फारसं काही वाटत नाही. डेट्रॉइटवाल्यांना विचारा. २०२३ मध्ये १७ विजय, सगळ्यात तळाला, त्या ड्राफ्टमधल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूची, वेम्बान्यामाची स्वप्नं, आणि हाती आला पाचवा नंबर. २०२४ मध्ये त्याहून वाईट, १४ विजय, एकाच हंगामात सलग २८ पराभव, आणि पुन्हा पाचवा. पहिला नंबर गेला अटलांटाला, त्यांची शक्यता होती तीन टक्के. २०२५ मध्ये युटाहने १७ विजयांवर हंगाम संपवला, त्यांनाही पाचवा. त्या वर्षी पहिल्या नंबरचा खेळाडू कूपर फ्लॅग गेला डॅलसला, १.८ टक्के शक्यता असताना, तेही भर हंगामात डॉन्चिचला विकून टाकल्यावर. दैव देतं तर असं देतं.

पण खरं नुकसान लॉटरीच्या दिवशी होत नाही, ते आधीच्या सहा महिन्यांत होतं. आता आमच्या घरची गोष्ट.

मे २०१३ मध्ये सॅम हिंकी फिलाडेल्फियाचा जनरल मॅनेजर झाला. माणूस हुशार, आकड्यांत मुरलेला. त्याचं म्हणणं साधं होतं: मधल्या नंबरवर राहून काही होत नाही, विजेतेपद हवं तर दोन-तीन महान खेळाडू हवेत, आणि ते वरच्या पिकमधूनच येतात. ड्राफ्टच्या रात्री त्याने ड्रू हॉलिडे विकला. तेवीस वर्षांचा, नुकताच ऑल-स्टार झालेला. बदल्यात आला गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला नर्लन्स नोएल आणि पुढच्या वर्षीचा एक पिक. पहिल्या हंगामात १९ विजय, सलग २६ पराभव. मग जोएल एम्बीड तिसऱ्या नंबरवर घेतला, तोही पाय मोडलेला. तो दोन वर्षं बाकावर. दुसऱ्या हंगामात १८ विजय. मायकल कार्टर-विल्यम्स ‘रूकी ऑफ द इयर’, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू झाला, तर पुढच्याच हंगामात त्यालाही विकला. तिसऱ्या वर्षी १० विजय. तीन वर्षांत २४६ सामने, विजय ४७.

१ डिसेंबर २०१५ च्या सामन्याला मी मुलाला घेऊन गेले होते. लेकर्सविरुद्ध. कोबी ब्रायंटचा फिलाडेल्फियातला शेवटचा सामना, आणि तो मूळचा इथलाच. आमचा संघ त्या हंगामात ०–१८ होता. आधीच्या वर्षीचे धरले तर सलग २८ पराभव. हॉल मात्र खचाखच, कारण सगळे आले होते कोबीला बघायला. आमच्या रांगेत जांभळ्या-पिवळ्या जर्सी जास्त, आमच्या निळ्या कमी. कोबीने सुरुवातीलाच लांबून बास्केट मारायला घेतल्या तर घरच्या मैदानावर पाहुण्यांचा जयजयकार! पुढे त्याचा नेम हुकला, २६ पैकी सातच बसले, आणि आम्ही १०३–९१ जिंकलो. हंगामातला पहिला विजय. लोक असे नाचले की जणू चषकच आला. मागच्या रांगेतले एक आजोबा मात्र बसून होते. ते मला म्हणाले, ‘हा विजय आपल्याला महागात पडेल.’ म्हणजे लॉटरीत. संघाने आपल्या सर्वांत निष्ठावान माणसाला विजयाचंही दुःख करायला शिकवलं होतं. याची किंमत कुठल्या ताळेबंदात येत नाही.

बरं, मिळालं काय? हिंकीने एप्रिल २०१६ मध्ये तेरा पानी पत्र लिहून राजीनामा दिला. ओकाफोर तिसऱ्या नंबरवर घेतला, तो कुठे टिकला नाही. २०१६ मध्ये पहिला नंबर, बेन सिमन्स. २०१७ मध्ये बॉस्टनशी अदलाबदल करून पुन्हा पहिला नंबर, मार्केल फुल्ट्झ, ज्याचा खांदा बिघडला आणि नेमच गेला. बॉस्टनने तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम घेतला आणि २०२४ मध्ये विजेतेपद पटकावलं. एम्बीड मात्र खरा हिरा निघाला, २०२३ चा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू. पण २०१८ ते २०२४ दरवर्षी प्लेऑफ खेळूनही हा संघ दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. २०१९ मध्ये कवाई लेनर्डचा चेंडू रिंगवर चारदा टप्पे खाऊन आत पडला, ते दुर्दैव म्हणू. २०२१ मध्ये अटलांटाविरुद्ध सातव्या सामन्यात सिमन्सने समोर मोकळी बास्केट असताना पास दिला, ते दुर्दैव नव्हे. घडायच्या वयात ज्या पोरांभोवती शिकवणारे जुने खेळाडू फारसे नव्हते, त्यांच्याकडून ऐन मोक्याला धीराची अपेक्षा कशी करायची? वाण नाही पण गुण लागतो, तसा हरण्याचाही लागतो. आणि गंमत बघा, पुढे याच फुल्ट्झला ओरलँडोला दिल्यावर जो पिक मिळाला, त्यातून टायरीस मॅक्सी आला. एकविसावा नंबर. एम्बीडनंतरची आमची सगळ्यात चांगली निवड, आणि तिच्यासाठी एकही सामना हरावा लागला नव्हता.

टँकिंगचे, म्हणजे अशा मुद्दाम हरण्याचे समर्थक आता ओक्लाहोमा सिटीचं नाव घेतील. २०२५ चे विजेते, आणि २०२१ व २०२२ मध्ये तळाजवळ. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरले, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. पण संघ उलगडून बघा. त्यांचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर आला २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सना विकून, सोबत पाच पहिल्या फेरीचे पिक. जेलन विल्यम्स बाराव्या नंबरवर, त्या क्लिपर्सकडून आलेल्या पिकवर. हरून कमावलेला म्हणाल तर चेट होल्मग्रेन, दुसरा नंबर. तो मोठा खेळाडू आहे, नाकारत नाही. पण या इमारतीचा पाया एका चांगल्या सौद्याचा आहे, पराभवांचा नाही. लोक पाहतात तळ, शिकायला हवा तो सौदा.

बॉस्टनचं २००७ त्याहून बोलकं. त्या ड्राफ्टमधले दोन मोठे खेळाडू, ओडेन किंवा ड्युरांट, यांपैकी कुणी मिळेल या आशेवर हंगाम गेला, सलग १८ पराभव, आणि लॉटरीत पाचवा नंबर. संघ बांधणाऱ्या डॅनी एन्जने तो पाचवा पिक देऊन रे ॲलन आणला, मग केविन गार्नेट, आणि २००८ मध्ये विजेतेपद. दुसऱ्या टोकाला सॅक्रामेंटो किंग्ज, आपल्या मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंचा संघ, २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये खेळून गेलेला तोच. सलग सोळा हंगाम प्लेऑफ नाही, वरचे पिक भरपूर, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या नंबरवर डॉन्चिच समोर असताना घेतला मार्विन बॅगली. निवड करणाऱ्याची नजर कच्ची असेल तर दुसरा नंबरही वाया जातो. नजर पक्की असेल तर पुढे एमव्हीपी होणारा योकिच एकेचाळिसाव्यावर सापडतो आणि तसाच यानिस पंधराव्यावर.

डेट्रॉइटचं पुढे काय झालं तेही सांगते. २०२४ मध्ये त्यांनी लॉटरीची वाट बघणं सोडलं, प्रशिक्षक बदलला, टोबायस हॅरिससारखे अनुभवी लोक आणले. मुख्य पोरं तीच, केड कनिंगहॅम तोच. १४ विजयांवरून थेट ४४.

म्हणून मी जनरल मॅनेजर असते तर जुने महागडे खेळाडू जरूर विकले असते, तरुणांना मिनिटं दिली असती, त्यातून जे पराभव येतील ते सोसले असते. पण ड्रेसिंग रूममध्ये दोन-तीन अनुभवी माणसं ठेवली असती आणि जिंकणारा सामना कुणाला सोडू दिला नसता.

आता तो अपवाद. हंगाम संपल्यात जमा असेल, दोन-चार आठवडे उरले असतील आणि तुमचा पिक ठरावीक नंबरच्या खाली गेला तर दुसऱ्याच्या घशात जाणार असेल, तर दुखऱ्या खेळाडूंना घाईने मैदानात उतरवू नका. २०२५ मध्ये आमची तीच गत होती. एम्बीड, मॅक्सी, पॉल जॉर्ज सगळे जायबंदी, २४ विजय, आणि पिक पहिल्या सहात आला नाही तर जाणार तो नेमका ओक्लाहोमाला. त्या एप्रिलमध्ये मीसुद्धा टीव्हीसमोर बसून आपल्याच संघाच्या हरण्याची वाट पाहिली, खोटं कशाला बोलू. तिसरा नंबर लागला, व्ही. जे. एजकोम मिळाला. तेवढ्यापुरती माझी हरकत नाही. हाच उद्योग ऑक्टोबरपासून कुणी सुरू केला, तर मात्र तिकिटाचे पैसे मी देणार नाही.