पत्रात नसलेलं वाक्य

"मॅडम, शेजारी आमच्या कुत्र्यांवरून सतत तक्रार करतात. आता काय करू?" समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यापुढे इतक्या वेळा आला आहे की पहिलं वाक्य ऐकलं की दुसरं मला कळतं. दुसरं वाक्य बहुधा असं असतं: "त्यांना मुळात प्राणीच आवडत नाहीत." कुणी घर बदलायचं ठरवलेलं असतं, कुणी रडत रडत कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकायच्या तयारीत असतं. अशांपैकी मृणालची गोष्ट इथे सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मृणालकडे दोन कुत्रे. थोरला ब्रूनो आणि दीड वर्षाचा टफी. खालच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा तोंडी सांगितलं, तिसऱ्यांदा दाराखालून पत्र सरकवलं. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. काका समोर येऊ नयेत म्हणून ती पहाटे साडेपाचला कुत्र्यांना खाली न्यायची. जिन्यात पावलं वाजली की ब्रूनोचं तोंड हाताने धरून ठेवायची. हे सांगताना तिने स्वतःचीच मूठ घट्ट आवळली होती.

"काका नेमकं काय म्हणाले?" मी विचारलं.

"हेच, की तुम्हाला कुत्री सांभाळता येत नाहीत, तर पाळता कशाला?"

"या शब्दांत?"

"पत्रच आहे ना माझ्याकडे!"

पर्समधून तिने चार घड्या घातलेला कागद काढला. इतक्यांदा उघडून मिटला होता की घडीवर फाटायला आला होता. मी म्हटलं, मोठ्याने वाचा. पत्र जेमतेम चार ओळींचं. सकाळी साडेनऊनंतर कुत्रे बराच वेळ भुंकतात, मी रात्रपाळी करून त्याच वेळी झोपतो, आठ दिवस नीट झोप झालेली नाही, कृपया काहीतरी करावं. खाली सही.

तिने ते वाचलं. मग पुन्हा मनातल्या मनात वाचलं. कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"ते वाक्य यात नाहीये," ती म्हणाली.

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहायला मला बरीच वर्षं लागली आहेत.

"मग ते वाक्य कुणाचं?" थोड्या वेळाने मी विचारलं.

"माझंच. रोज दार ओढून घेताना मीच म्हणते. नऊ-नऊ तास त्यांना एकटं टाकून जाते मी."

माझ्या दृष्टीने समुपदेशन इथे सुरू झालं, आधीचे सगळे दिवस त्याची तयारी होती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेला विचार मी माझ्या कामाचा पाया मानते. घडलेली घटना आणि आपला त्रास यांच्या मधोमध आपण त्या घटनेला लावलेला अर्थ बसलेला असतो. काकांची तक्रार आवाजाबद्दल होती. मृणालने ती स्वतःच्या लायकीबद्दल ऐकली, कारण तिथे आधीच जखम होती. कुत्र्यांवरच्या तक्रारी एवढ्या झोंबतात त्या यामुळेच. मुलांसारखं वाढवलेल्या जिवाबद्दल कुणी बोट दाखवलं की आपण वाद घालायला उभे राहतो, आणि समोरच्याची न झालेली झोप आपल्याला दिसतच नाही. झोपेच्या खोलीत अधूनमधून येणारा एखादा आवाजसुद्धा ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवलं होतं. मोठ्या कुत्र्याचं भुंकणं जवळून ऐकलं तर ८०-९० डेसिबल सहज ओलांडतं.

तरी मृणालचा एक मुद्दा शिल्लक होता. "पण मॅडम, माझी कुत्री एवढी भुंकतच नाहीत." हे ती मनापासून सांगत होती. बहुतेक मालक मनापासूनच सांगतात. भुंकणं ते घराबाहेर पडल्यावर होतं, त्यांना कळणार कसं? मी तिला जुना मोबाइल रेकॉर्डिंग लावून घरी ठेवायला सांगितलं.

पुढच्या भेटीत तिने ते मला ऐकवलं. दार बंद झाल्याचा आवाज, मग चार मिनिटं शांतता. मग टफीचा बारीक कण्हल्यासारखा सूर, दारावर नखं, आणि मग भुंकणं. थोड्या वेळाने ब्रूनोही सामील. चाळीस मिनिटं.

"हा तर रडतोय," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण या वेळी त्यात स्वतःला कोसणं नव्हतं. काकांची तक्रार तिला पहिल्यांदा टफीच्या बाजूनेही ऐकू आली. काका झोपू शकत नव्हते आणि टफी एकटा राहू शकत नव्हता. दोघांना एकाच गोष्टीचा त्रास होत होता.

एकटेपणाने घाबरणारा कुत्रा बहुधा मालक गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच आवाज सुरू करतो. सोबत दुसरा कुत्रा असला तरी फरक पडतोच असं नाही, कारण त्याला माणूस हवा असतो. घरी आल्यावर रागावण्याचा उपयोग शून्य, त्याला कशाबद्दल ते कळत नाही. तो कान पाडून बघतो तेव्हा आपल्याला वाटतं की चूक उमगली. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रयोगातून दाखवलं की तो चेहरा मालकाच्या रागावण्यामुळे होतो, चूक केलेली असो वा नसो. भुंकलं की विजेचा झटका देणारे पट्टे मी कुणालाही सुचवत नाही. भीतीवर आणखी भीती घालून काय मिळणार?

मृणालने पशुवैद्यांना आणि त्यांच्या सल्ल्याने एका प्रशिक्षकाला गाठलं. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या. दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा, मग अर्धं मिनिट. टफी अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं. यात घाई चालत नाही, महिने जाऊ शकतात. तोवर सकाळचा वेळ कुणीतरी सोबतीला हवंच, म्हणून तिने बहिणीला गळ घातली.

पण काकांशी बोलायचं राहिलं होतं, आणि तिला त्याचीच भीती जास्त. आम्ही तालीम केली. तिची पहिली वाक्यं अशी होती: "सॉरी काका, पण कुत्रं म्हटलं की भुंकणारच." मी तिला "पण" आणि "भुंकणारच"मधला "च" खोडायला लावला. हे दोन छोटे शब्द काढले की माफी आपोआप खरी होते.

आणि एक गोष्ट मी तिला सांगितली, जी या सगळ्यांना सांगते. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये गोंगाटावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या काही जणांना एक बटण दिलं होतं: अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही आवाज थांबल्यानंतर दिलेल्या कामात ते इतरांपेक्षा जास्त चिकाटीने टिकले. थांबवणं आपल्या हातात आहे, एवढी जाणीवच पुरली. शेजाऱ्याचं खरं दुखणं बरेचदा इथे असतं. आवाज कधी सुरू होईल ते माहीत नाही, आणि थांबवणं हातात नाही. म्हणून मी म्हणते, शेजाऱ्याच्या हातात बटण द्या.

मृणाल रेकॉर्डिंग घेऊन काकांकडे गेली. "काका, तुमचं बरोबर आहे. मी ऐकलं. मला खरंच कल्पना नव्हती. हे-हे चालू केलंय, थोडे आठवडे लागतील. हा माझा नंबर आणि हा बहिणीचा. आवाज आला की मेसेज करा, कितीही वेळा." काकांनी नंबर घेतला. चेहरा काही सैल झाला नाही. फक्त "दुपारी दोननंतर काही अडचण नाही," एवढं म्हणाले. मृणाल मात्र तो निरोप मौल्यवान वस्तूसारखा माझ्याकडे घेऊन आली, आणि तो होताच तसा.

पहिल्या आठवड्यात काकांचे पाच मेसेज आले, पुढच्या आठवड्यात दोन. नंतर महिन्यातून एखादा.

सगळ्याच गोष्टी अशा होत नाहीत. तक्रार खोटी असते, शिवीगाळ किंवा कुत्र्यांना इजा करण्याची धमकी असते, तेव्हा समजुतीचे शब्द पुरत नाहीत. तिथे तारीख-वेळ घालून नोंदी ठेवा, घरातलं रेकॉर्डिंग जपून ठेवा, बोलताना तिसरं माणूस सोबत घ्या आणि धमकी असेल तर पोलिसांकडे जायला कचरू नका. पण आधी रेकॉर्डिंग ऐका. ते न ऐकता "आमची नाही भुंकत" असं म्हणणाऱ्याच्या बाजूने मला उभं राहता येत नाही.

शेवटच्या भेटीत मृणाल म्हणाली, "काकांना कुत्री अजूनही आवडत नाहीत. आम्ही लिफ्टमध्ये असलो तर ते दुसऱ्या फेरीची वाट बघतात."

"आणि तुम्हाला कसं वाटतं?"

"आधी वाटायचं, त्यांना आवडायलाच हवीत. आता म्हणते, थांबू देत." मग सहज सांगावं तसं म्हणाली, "आणि मॅडम, आजकाल आम्ही सकाळी सात वाजता खाली जातो."