पोरगी दिवसभर कागदाची फुलंच करते, यातून शिकते काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, बालवाडीत जाते. तिथं सारखी कागदाची फुलं करायला लावतात आणि घरी आली की परत कात्री, रंगीत कागद, डिंक घेऊन तेच चालू, घरभर कचरा. शेजारची तिच्याच वयाची मुलं एबीसीडी लिहितात, 100 पर्यंत आकडे म्हणून दाखवतात. सासूबाई म्हणतात, "हाई काय फुलेसनी शाळा शे का?" खरंच यातून काही शिकते का ती?

उत्तर : शिकते हो, आणि भरपूर शिकते, फक्त फूल तिनं स्वतः केलेलं पाहिजे. पाकळ्या बाईंनी कापून द्यायच्या, मुलांनी नुसत्या चिकटवायच्या आणि भिंतीवर सगळ्यांची फुलं एकसारखी, असं असेल तर त्यात मुलांचं काहीच नाही. तुमची लेक घरी आणते ते फूल वाकडंतिकडं असेल तर निश्चिंत राहा, काम तिचंच आहे.

आता ती कापत असताना जरा शेजारी बसून बघा. उजव्या हातात कात्री, पण खरी कसरत डाव्या हाताची, तो कागद हळूहळू फिरवत असतो. दोन्ही हात वेगवेगळं काम करतायत आणि तेही एकमेकांना धरून, साडेचार वर्षांच्या जिवाला हे सोपं नसतं. झिरमिळ्या कागदाचे बारीक गोळे करताना, पाकळीचं टोक वळवताना चिमटीत ताकद येते, आणि उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. बोटं तयार नसताना लिहायला बसवलेली मुलं पेन्सिल मुठीत आवळतात, हात दुखतो म्हणतात आणि मग लिहिण्याचाच कंटाळा करतात, हे मी खूप बघितलंय.

गणितही आहे यात. चौकोनी कागद एकदा दुमडला की दोन पदर, परत दुमडला की चार, मग आठ. बाहेरच्या बाजूनं एकदाच गोलसर कापायचं आणि उघडलं की आठ पाकळ्या! घडीचं टोक कापलं गेलं तर मधोमध भोक पडतं, घडीच्या कडा पार टोकापर्यंत कापल्या तर पाकळ्या सुट्या होऊन हातात येतात. तिथं लगेच सांगायला जाऊ नका, दुसरा कागद द्या, तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठं कापायचं नाही हे तिचं तिलाच कळतं.

आणि खरं फूल आधी बघू द्या. सदाफुलीच्या पाकळ्या मोजायला लावा, पाच निघतील, मग म्हणावं आठ पाकळ्यांची घडी इथं चालेल का? आपल्याकडं तर कपाशी आहे, पहिल्या दिवशी फूल पांढरट-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग गळतं आणि मागं बोंड धरतं. एकाच झाडाची दोन रंगांची फुलं कागदात करायची म्हटलं की मूल नीट निरखून बघायला लागतं. फक्त फवारणी झालेल्या शेतात नेऊ नका आणि आल्यावर हात धुवा.

सासूबाईंना सांगा, हे नवीन फॅड नाहीये. जर्मनीत फ्रेबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं 1837 मध्ये लहान मुलांसाठी शाळा काढली, त्याच्या पद्धतीत कागदाच्या घड्या आणि कातरकाम होतं. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला पानं, बिया, शिंपले असं आसपास मिळेल ते घेऊन मुलांना शिकवलं.

कात्री बोथट टोकाची घ्या. डिंकाऐवजी गव्हाच्या पिठाची खळ चालते, पण जुन्या पद्धतीनं तिच्यात मोरचूद घालू नका, ते विषारी असतं. कचरा तिलाच उचलायला लावा.

प्रश्न : आमचा मुलगा पहिलीत आहे, कागदाचे गजरे फार सुंदर करतो. पण मित्र "पोरींचं काम" म्हणून चिडवतात. थांबवावं का? (एक वडील, शिंदखेडा)

उत्तर : अजिबात थांबवू नका. दादा, पोळ्याला आपल्याकडं बैलांची शिंगं कोण रंगवतं, बेगड कोण लावतं, गोंडे कोण बांधतं? शेतकरी बापेच ना. यंदा त्याला सोबत घेऊन बसा, माळांचं काम त्याच्याकडं द्या, चिडवणाऱ्या मित्रांनाही बोलवा, सगळ्यांच्या हाती कागद द्या. लोकरीचा गोंडा आवळताना त्याची बोटं कमी पडतील, तेवढी गाठ तुम्ही मारा, बाकी त्याला करू द्या.