जास्त काम केले, तर कपातीत नोकरी वाचेल का?

“आमच्याकडे कपात होणार आहे. माझ्यावाचून चालणारच नाही इतके काम केले, तर मी वाचेन ना?” हा प्रश्न परदेशातील मराठी मंडळी समुपदेशक म्हणून मला वारंवार विचारतात. कॅलिफोर्नियातील एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, तंत्रज्ञान विभागात नोकरी करणाऱ्या गृहस्थांनीही तोच विचारला होता. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ 2014 मध्ये तंत्रज्ञ म्हणून रुजू झाले. करोनाकाळात अमेरिकेच्या संघराज्य सरकारने शाळांना तीन टप्प्यांत मिळून सुमारे 190 अब्ज डॉलरची मदत दिली. त्या पैशांतून विद्यार्थ्यांच्या घरोघरी क्रोमबुक (साधे, स्वस्त लॅपटॉप) पोहोचली, विभाग विस्तारला आणि 2021 मध्ये त्यांना नेटवर्क विश्लेषकाच्या पदावर बढती मिळाली. तो निधी कोणत्या खर्चासाठी वापरायचा हे पक्के करण्याची अखेरची मुदत 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली. त्यातच पटसंख्या घटत होती. मग रिकामी पदे भरणे थांबले आणि तीन शाळा सांभाळणाऱ्या या गृहस्थांकडे पाच शाळा आल्या.

डिसेंबरात ते माझ्याशी ऑनलाइन बोलू लागले, तेव्हा बोलता बोलता त्यांची नजर सारखी दुसऱ्या पडद्यावरच्या तक्रारींच्या यादीकडे वळत असे. रात्री अकराला एका शिक्षिकेने प्रोजेक्टर बंद असल्याचे कळवले, तर हे पहाटे उठून, शाळा उघडण्याआधी तो दुरुस्त करून येत. “अरे, सगळ्या शाळा काय तू एकट्याने चालवतोस?” असे पत्नीने विचारले की ते गप्प बसत, कारण नोकरीवर टांगती तलवार आहे हे त्यांनी घरी सांगितलेलेच नव्हते.

अशा वेळी धीराचे चार शब्द बोलण्याचा मोह होतो. पण ज्या भीतीला खरा आधार आहे, तिच्यावर नुसत्या धीराने भागत नाही, असे माझे मत आहे. म्हणून मी त्यांना विचारले, “कपात कोणत्या नियमाने होते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?” इतकी वर्षे तेथे काढूनही ते त्यांना नीट माहीत नव्हते. युनियनच्या प्रतिनिधीकडून त्यांनी माहिती काढली. कॅलिफोर्नियात शाळांतील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची कपात त्या-त्या पदवर्गातील सेवाज्येष्ठतेनुसार होते, आणि पुढच्या शैक्षणिक वर्षासाठीची नोटीस साधारणपणे 15 मार्चपर्यंत द्यावी लागते. म्हणजे 2021 मध्ये विश्लेषक झालेले हे गृहस्थ त्या वर्गात जवळजवळ तळाला होते, आणि रात्री जागून केलेल्या एकाही दुरुस्तीने त्यांचा क्रमांक वर सरकणार नव्हता.

हे ऐकून ते खचतील असे मला वाटले होते, उलट ते बऱ्याच वेळाने म्हणाले, “मग मी हे सगळे कशासाठी करतोय, मॅडम?” खरे समुपदेशन तेथून सुरू झाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी वरिष्ठांना पाच शाळांच्या कामांची लेखी यादी दिली आणि यांतील कोणती कामे मागे ठेवायची हे तुम्हीच ठरवा, अशी विनंती केली. वरिष्ठांना ते रुचले नाही, पण जुन्या यंत्रांची तपासणी उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलली गेली. घरी पत्नीला सांगणे त्यांना याहून अवघड गेले. तिने सगळे ऐकून घेतले आणि त्याच रात्री घराच्या हप्त्यांचा हिशेब मांडायला घेतला.

मार्चमध्ये नोटीस आली. मात्र तंत्रज्ञाच्या वर्गात त्यांची सेवा जुनी असल्याने त्यांना त्या खालच्या पदावर परतण्याचा हक्क होता. पगार कमी होणार, हे त्यांनी स्वीकारले. पण त्यामुळे ज्या तरुण तंत्रज्ञाला त्यांनीच काम शिकवले होते, त्याची जागा जाणार होती. “मी त्याच्या पोटावर पाय देतोय,” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत. हा क्रम त्यांनी ठरवलेला नाही, हे मी त्यांना सांगितले, तरी त्यांचे दुःख खोटे आहे असे मात्र म्हणाले नाही. कपातीत गेलेल्यांची नावे 39 महिने फेरनियुक्तीच्या यादीत राहतात, हे त्यांनी त्या मुलाला स्वतः समोर बसवून समजावले आणि त्याला शिफारसपत्रही लिहून दिले. आता ते रात्री झोपतात. त्या मुलाशी फोनवर बोलणे त्यांना अजून जड जाते, आणि सध्या आमची सत्रे त्याच विषयावर चालू आहेत.