सेमीहोस्टिंगच्या चाचणीत शून्याचा अर्थ

प्रश्न : आर्मच्या कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या फर्मवेअरच्या (उपकरणातच बसवायच्या प्रोग्रामच्या) चाचण्या मी क्यूएमू या, प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरवर चालवतो. सेमीहोस्टिंगद्वारे, म्हणजे फर्मवेअरला यजमान संगणकाचा (ज्यावर एम्युलेटर चालतो त्याचा) पडदा व फाइली वापरू देणाऱ्या सोयीने, मजकूर नीट उमटतो, पण लिहिण्याच्या कॉलचे उत्तर शून्य येत असल्याने चाचणी अपयश नोंदवते. उलट, एखादी चाचणी खरोखरच फसली तरी चाचण्या आपोआप चालवणारा बिल्ड सर्व्हर ती उत्तीर्ण दाखवतो. दोष एम्युलेटरचा मानावा काय?

उत्तर : दोन्ही ठिकाणी एम्युलेटर बरोबर वागत आहे. आर्मच्या सेमीहोस्टिंगमध्ये कॉलचा क्रमांक प्रोसेसरच्या आर० या रजिस्टरमध्ये आणि माहितीच्या ब्लॉकचा पत्ता आर१मध्ये ठेवून ब्रेकपॉइंटची सूचना दिली जाते, आणि उत्तर आर०मध्येच परत येते. सिस-राइट हा लिहिण्याचा कॉल मात्र किती बाइट लिहिले ते न सांगता किती लिहायचे राहिले ते सांगतो. म्हणजे शून्य हेच पूर्ण यश. सी भाषेच्या सवयीने पाहणाऱ्याला हे उफराटे वाटेल, पण वाचण्याच्या सिस-रीडचाही हिशेब तोच आहे. म्हणून उमटलेल्या मजकुरावर विसंबू नये. एका फाइलमध्ये १० बाइट लिहून ती बंद करावी, पुन्हा उघडून सिस-फ्लेन या लांबी सांगणाऱ्या कॉलने लांबी १० येते का ते तपासावे आणि मग सिस-रीडने १६ बाइट मागावेत; उत्तर ६ आले, तरच वाचनाची बाजू खरी ठरली. बंद केलेल्या फाइलच्या हँडलवर (तिच्या ओळख-क्रमांकावर) लिहिण्याचा प्रयत्नही करून पाहावा. तेथे शून्य येता कामा नये.

दुसऱ्या तक्रारीचे मूळ बहुधा सिस-एग्झिट या, प्रोग्राम संपवणाऱ्या कॉलमध्ये आहे. ३२ बिटांच्या आर्मवर या कॉलला ब्लॉक नव्हे, थेट कारणाचा अंक द्यावा लागतो, आणि तो षोडशमान २००२६, म्हणजे ‘प्रोग्राम संपला’, असा असला की क्यूएमू शून्य स्थिती, म्हणजे यशाची खूण, देऊन बंद होतो, मग आतील चाचण्यांचे काहीही झालेले असो. स्वतःचा निकाल बाहेर पोहोचवायचा असेल, तर षोडशमान २० क्रमांकाचा विस्तारित कॉल वापरून ब्लॉकच्या पहिल्या शब्दात (३२ बिटांच्या घरात) तेच कारण आणि दुसऱ्यात आपली स्थिती द्यावी.

चाचणीला कालमर्यादाही हवीच. फर्मवेअरला यजमान संगणकाच्या फाइली उघडता येत असल्याने क्यूएमूमध्ये सेमीहोस्टिंगची सोय मुळात बंद असते. ती चालू करण्याचा पर्याय राहून गेला, तर त्याच ब्रेकपॉइंटमुळे हार्डफॉल्ट (प्रोसेसरचा गंभीर दोष) होतो आणि तो हाताळणारा कोड, म्हणजे हँडलर, अनंत फेऱ्यांत अडकला की बिल्ड तासन्‌तास लटकून राहतो.