आकडा बसवू नकोस, शेतकऱ्याला पुन्हा विचार

प्रिय बेटा,
आशीर्वाद.

रावेर तालुक्यातल्या शेतकऱ्याने केळी लावावी, कापूस की मका, हे एएचपीने (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस, म्हणजे निकषांची दोन-दोन करून तुलना करत निर्णय घेण्याची पद्धत) ठरवण्याचा तुझा आराखडा वाचला. विषय मनापासून आवडला. अडखळलो ते निकषांच्या तक्त्यापाशी.

पाणी भावाच्या 3 पट महत्त्वाचं, भाव मजुरीच्या 2 पट, आणि पाणी मजुरीच्याही 2 पटच, असं शेतकऱ्याने सांगितलं. पहिली दोन उत्तरं धरली तर तिसरं 6 यायला हवं. उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत हे दाखवणारं सुसंगती गुणोत्तर 0.12 आलं, 0.10 या चालणाऱ्या मर्यादेच्या वर गेलं, म्हणून तू 2 खोडून 4 केलेस. गुणोत्तर 0.02 च्या आत आलं खरं, पण ते मत आता त्या शेतकऱ्याचं राहिलं नाही.

माणसाचं मत काटेकोर जुळत नाही, हे धरूनच थॉमस साटी यांनी 1970 च्या दशकात ही पद्धत उभी केली. उत्तरं तंतोतंत जुळली तर तक्त्याची सर्वांत मोठी आयगेन व्हॅल्यू (तक्त्यातल्या आकड्यांवरून गणिताने निघणारी एक संख्या) निकषांच्या संख्येएवढीच येते, इथे 3. तुझी 3.14 आली. हा फरक काय सांगतोय, ते ऐकायला हवं होतं.

साटींनी 1986 मध्ये या पद्धतीची चार गृहीतकं मांडली. अ हा ब च्या 3 पट, तर ब हा अ च्या एक तृतीयांश, हे पहिलं. ते सॉफ्टवेअरच सांभाळतं. माझा जीव अडकतो तो तिसऱ्यात: वरच्या पातळीवरच्या निकषांचं महत्त्व खालच्या पर्यायांवर, म्हणजे इथे पिकांवर, अवलंबून नसावं. आता सांग, ‘मजुरी’ म्हणताना त्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय होतं? भावाशी तुलना करताना केळीची कापणी आणि पाण्याशी करताना कापसाची वेचणी असेल, तर त्याने एकाच शब्दाला दोन वेगळी वजनं दिली. कापूस फुटला की वेचायला माणसं मिळत नाहीत, ही चिंता आपल्याकडे घराघरात आहे. तुझ्या 2 मध्ये कदाचित तीच असेल.

खोडलेला 2 परत लिही आणि पुन्हा रावेरला जा. तक्ता लगेच पुढे करू नकोस, आधी निवांत बोल. पिकागणिक उत्तर बदलत असेल, तर साटींचीच पुढची अ‍ॅनालिटिक नेटवर्क प्रोसेस घेऊ. पर्यायांचा निकषांवर होणारा परिणाम तिच्यात धरता येतो. गणित वाढेल, पण त्याला मी तुझ्याबरोबर बसेन.

तुझे सर